पहिली दहा मिनिटं घरच्यांची

हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या घरात तयारी दिसते. फ्रिजवर गोळ्यांचं वेळापत्रक, सकाळ-दुपार-रात्र अशा कप्प्यांची डबी, उशाशी सॉर्बिट्रेट, बीपीचं मशीन, रिपोर्टांनी फुगलेली फाइल. भाजीतलं मीठ कमी झालेलं असतं, तुपाची बरणी मागच्या फळीवर गेलेली असते. कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर, हे पेशंटची बायको झोपेतही सांगेल. पण तिला विचारा, 'हे बोलता बोलता खुर्चीतून कोसळले, हाक मारली तरी ओ देईनात, श्वास दिसेना, तर पहिल्या मिनिटात काय कराल?' बहुतेक घरांत एकच उत्तर येतं: 'गाडी काढू आणि दवाखान्यात नेऊ.'

शहरात जिना उतरवून, गाडी बाहेर काढून, सिग्नल पार करून हॉस्पिटल गाठायला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात. गावाकडून तालुक्याला पोचायला अर्धा-पाऊण तास. रक्त मिळणं थांबलं की मेंदूच्या पेशी मात्र चार-पाच मिनिटांतच कायमच्या बिघडू लागतात. हा हिशेब जुळवायला एकच उपाय आहे: ॲम्ब्युलन्स येईपर्यंत घरातल्याच कोणीतरी छाती दाबत राहणं, म्हणजे सीपीआर.

यावर अनेकांच्या मनात एक शंका असते. बंद पडलेलं हृदय वरून छाती दाबून सुरू कसं होईल? शंका रास्त आहे. बहुतेक वेळा ते तसं सुरू होत नाहीच. तरीही दाबायला का सांगतात, हे एकदा कळलं की बाकीच्या सूचना वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

अटॅक वेगळा, हृदय थांबणं वेगळं

आपण बोलताना दोन्हीला 'अटॅक' म्हणून मोकळे होतो, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद होते. तिच्यावर अवलंबून असलेला स्नायूचा भाग मरू लागतो, पण हृदय धडधडत असतं. माणूस शुद्धीवर असतो, छातीवर दडपण आल्याचं सांगतो, घामाने भिजतो, कळ जबड्यात किंवा हातात जाते. अशा माणसाची छाती दाबायची नसते. त्याला टेकून बसवायचं, चालवायचं नाही, १०८ ला फोन करायचा आणि डॉक्टरांनी अशा वेळेसाठी जी गोळी सांगून ठेवली असेल ती द्यायची.

कार्डिॲक अरेस्ट म्हणजे हृदयाचं पंप म्हणून काम थांबणं. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. विश्रांतीच्या वेळी तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विजेचा सूक्ष्म संदेश सोडतो. तो ठरलेल्या वाटेने सगळ्या स्नायूत पसरतो आणि हृदय एकदम आकुंचन पावतं. या वाटेत बिघाड झाला की प्रत्येक स्नायूतंतू आपापल्या वेळेने हलू लागतो. हृदय नुसतं थरथरत राहतं, रक्ताचा थेंबही पुढे सरकत नाही. या अवस्थेला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. दहा-पंधरा सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो.

दोन्हींचं नातं जवळचं आहे. ताज्या अटॅकमध्ये विजेचा हा गोंधळ उडू शकतो. जुन्या अटॅकने स्नायूत व्रण ठेवला असेल तर त्याच्या कडेने वीज भरकटू शकते, अगदी काही वर्षांनीही. अटॅकनंतरच्या पहिल्या महिन्यात हा धोका सगळ्यात जास्त असतो. हृदयाच्या पंपाची ताकद, जिला रिपोर्टमध्ये इजेक्शन फ्रॅक्शन किंवा 'ईएफ' म्हणतात, ३५ टक्क्यांवर किंवा त्याखाली आलेली असेल तर तो धोका पुढेही राहतो. म्हणजे सीपीआरची गरज कोणत्या घरात पडू शकते, हे डॉक्टरांना बऱ्याच अंशी आधीच ठाऊक असतं. रस्त्यावर कोण कोसळेल हे कोणी सांगू शकत नाही, पण डिस्चार्जच्या कागदावर सही करताना ही माहिती समोर असते. तरीही त्या कागदावर पथ्य, गोळ्या आणि पुढची तारीख एवढंच लिहिलं जातं, याची मला खंत वाटते.

छाती दाबली की आत काय घडतं

१९५०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत थांबलेल्या हृदयावर मुख्य उपाय एकच होता: सर्जनने छाती उघडायची आणि हृदय हातात धरून दाबायचं. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम काउवेनहोव्हन नावाचे विद्युत अभियंते शॉक देण्याच्या यंत्रावर काम करत होते. त्यांचे तरुण सहकारी गाय निकरबॉकर यांना कुत्र्यांवरच्या प्रयोगात एक गोष्ट जाणवली. यंत्राच्या जड पट्ट्या छातीवर दाबून धरल्या की, शॉक देण्याआधीच, कुत्र्याचा रक्तदाब क्षणभर वर जात होता. सर्जन जेम्स ज्यूड यांना सोबत घेऊन त्यांनी याचा पाठपुरावा केला आणि १९६० साली तिघांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. छाती न उघडता, फक्त दोन हातांनी, कुठेही रक्त फिरतं ठेवता येतं, हे त्यातून पुढे आलं.

हृदय छातीच्या मधल्या हाडाच्या मागे आणि मणक्याच्या पुढे असतं. हाड दाबलं की हृदयावर आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर दाब येतो. हृदयाच्या झडपा एकाच दिशेने उघडतात, म्हणून रक्त पुढेच जातं, मेंदूकडे आणि शरीराकडे. हात वर उचलला की बरगड्या पूर्वपदावर येतात, छातीत रक्त परत भरतं, आणि याच क्षणी हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्यांतही रक्त शिरतं. उत्तम सीपीआरनेही नेहमीच्या रक्तप्रवाहाचा पाव ते एक तृतीयांश भागच मिळतो. पण काही मिनिटं मेंदू तगवायला तेवढा उपयोगी पडतो.

गावातल्या हापशावर पाणी भरलेल्या माणसाला पुढची गोष्ट लगेच कळेल. पहिले काही हात मारताना नुसता खडखडाट होतो, पाणी नळीतून वर चढत असतं. मग धार लागते. मध्येच हात थांबवला की पाणी खाली उतरतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. छाती दाबतानाही हृदयाच्या वाहिन्यांतला दाब लागोपाठच्या अनेक दाबांनी हळूहळू चढतो, आणि हात थांबला की काही सेकंदांत कोसळतो. 'जरा बघू या, नाडी लागते का' म्हणून दर अर्ध्या मिनिटाला थांबणाऱ्याच्या कष्टाचं फळ दर वेळी असं वाया जातं.

आता सुरुवातीच्या शंकेचं उत्तर देता येईल. थरथरणारं हृदय ताळ्यावर आणायला विजेचा शॉक लागतो, आणि तो ॲम्ब्युलन्समधल्या किंवा हॉस्पिटलमधल्या यंत्राने मिळतो. पण थरथरताना हृदयाचा स्नायू आपली साठलेली शक्ती जाळत असतो. काही मिनिटांत थरथर मंदावते, मग थांबते, आणि पूर्ण निपचित झालेल्या हृदयावर शॉकचा उपयोग होत नाही. छाती दाबल्याने स्नायूला थोडं रक्त मिळत राहतं, थरथर टिकते आणि शॉक लागू पडण्याची मुदत वाढते. काहीच केलं नाही तर शॉकला होणाऱ्या उशिराच्या दर मिनिटामागे जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. कोणी छाती दाबत असेल तर ही घट ३ ते ४ टक्क्यांवर येते.

तोंडाने श्वास देण्याचं काय? त्याच्या संकोचापायी अनेक लोक हातही लावत नाहीत. अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसाच्या रक्तात आणि फुप्फुसांत पहिली काही मिनिटं पुरेल इतका प्राणवायू असतो. कमी पडतं ते तो मेंदूपर्यंत पोचवणं. म्हणून भारतातल्या भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये सामान्य नागरिकांसाठी जी पद्धत मांडली गेली, तिच्यात फक्त छाती दाबायला सांगितलं आहे. बुडालेला माणूस आणि लहान मूल यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे मुळात श्वासच आधी थांबलेला असतो, त्यामुळे श्वास देणं महत्त्वाचं ठरतं. ते प्रशिक्षणात शिकून घ्यावं.

ओळखायचं कसं

खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नसेल तर छाती-पोटाकडे बघा, श्वास नेहमीसारखा चालू आहे का. यात दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ घालवू नका. नाडी शोधू नका, घाबरलेल्या माणसाला स्वतःचीच नाडी बोटांत जाणवते.

इथे घरचे लोक सर्वांत जास्त फसतात ते आचक्यांमुळे. हृदय थांबल्यावरही मेंदूच्या तळाचा भाग काही मिनिटं जिवंत असतो आणि अधूनमधून तोंड उघडून घेतलेले, घोरल्यासारखे आचके येतात. घरच्यांना वाटतं, श्वास चालू आहे, आणि सगळे थांबून राहतात. बेशुद्ध माणसाचे आचके म्हणजे चालू श्वास नव्हे. ते दिसले की लगेच दाबायला सुरुवात करायची. काही जणांना सुरुवातीला थोडे झटकेही येतात आणि फिट आल्याचा समज होऊन हातात किल्ल्या, नाकाला कांदा असे प्रकार सुरू होतात. तोंडात पाणी घालणं, तळवे चोळणं, उठवून बसवणं, बेशुद्ध माणसाच्या जिभेखाली गोळी सरकवणं, या सगळ्यात हातातली मिनिटं निघून जातात. शिवाय पाणी श्वासनलिकेत जातं ते वेगळंच.

व्हॉट्सॲपवर एक संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे: एकटे असताना अटॅक आला तर जोरजोरात खोका. खोकल्याने अटॅक थांबत नाही आणि त्यात फोन करायचा वेळ जातो. हा संदेश पुढे पाठवू नका.

हातांचं काम

माणसाला पलंगावरून जमिनीवर घ्या. गादीवर दाबलं की छातीऐवजी गादीच खचते. एकट्याने उतरवणं अवघड असेल तर अंगाखालच्या चादरीसकट, डोकं सांभाळत ओढा. अगदीच शक्य नसेल तर आहे तिथेच जास्त जोर लावून दाबा, मदतीची वाट बघत बसू नका. फोन १०८ ला लावून स्पीकरवर जमिनीवर ठेवा. दुसरं कोणी घरात असेल तर त्याला दार उघडं ठेवायला, लिफ्ट थांबवून धरायला आणि रस्त्यावर उभं राहायला सांगा. सोसायट्यांच्या आवारात विंग शोधण्यात ॲम्ब्युलन्सची बरीच मिनिटं जातात.

बाजूला गुडघ्यांवर बसा. साडी असेल तर निऱ्या वर खोचून, गुडघे मोकळे करून. एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवा. दुसरा हात त्यावर, बोटं गुंतवून. कोपरं ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर. दंडाच्या जोराने दाबणारा मिनिटभरात थकतो. कमरेपासून पुढे झुकून अंगाचं वजन टाकलं तर पन्नास किलोची बाईसुद्धा ऐंशी किलोच्या माणसाची छाती हवी तितकी दाबू शकते. खोली ५ ते ६ सेंटिमीटर, म्हणजे दोन इंचांहून थोडी जास्त. वेग मिनिटाला १०० ते १२०. भिंतीवरच्या घड्याळाच्या एका टिकटिकीला दोन दाब हा १२०चा वेग झाला. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या, कारण हृदयाला स्वतःचं रक्त त्याच क्षणी मिळतं. दुसरं कोणी असेल तर दर दोन मिनिटांनी बदला. थकवा जाणवण्याआधीच दाबाची खोली कमी झालेली असते.

गुडघेदुखीमुळे खाली बसता येत नसेल तरी शिकावं. शेजारचा मुलगा धावत येईल तेव्हा त्याला हात कुठे ठेवायचा आणि किती वेगाने दाबायचं, हे उभ्याने सांगता येतं.

चौकट: कपाटाच्या दारावर लावण्यासाठी
हाकेला ओ नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही (आचके म्हणजे श्वास नव्हे): सीपीआर सुरू.
१०८ किंवा ११२, फोन स्पीकरवर. पत्ता आणि जवळची खूण.
पाठ कडक जमिनीवर.
छातीच्या मधोमध, ५-६ सें.मी., एका सेकंदाला दोन दाब, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर.
पेशंट हालचाल करेपर्यंत किंवा ॲम्ब्युलन्सची माणसं ताबा घेईपर्यंत थांबू नका.

मनातल्या भीती

'बरगडी मोडली तर?' मोडू शकते, वयस्कर माणसात बऱ्याचदा मोडते. कटकन आवाज येतो आणि दाबणाऱ्याचे हात थबकतात. हात जागेवर आहेत ना एवढं बघून चालू ठेवायचं. बरगडी काही आठवड्यांत जुळते. 'बायपास झाली आहे, हाडाला तारा आहेत.' तरी दाबायचं. 'पेसमेकर आहे.' तरी दाबायचं. छातीत शॉक देणारं उपकरण म्हणजे आयसीडी बसवलेलं असेल आणि त्याने शॉक दिला, तर हातांना फार तर झिणझिणी जाणवते. 'हृदय चालूच असेल आणि मी उगाच दाबलं तर?' तो माणूस कण्हेल, हात झटकेल, आणि तुम्ही थांबाल. अशा चुकीतून गंभीर इजा क्वचितच होते.

याहून खोल भीती वेगळी आहे आणि प्रशिक्षणात तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. नवऱ्याला वाटतं, बायकोला हे शिकवतायत म्हणजे माझं काही खरं नाही. बायकोला वाटतं, आता यांचा जीव माझ्या हातांवर. ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत कॅथलीन ड्रॅकप या परिचर्या-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयरुग्णांच्या कुटुंबांना सीपीआर शिकवून त्याचा मनावर काय परिणाम होतो हे तपासलं. १९८६ च्या त्यांच्या अभ्यासात, घरचे सीपीआर शिकले तेव्हा रुग्णांची चिंता आणि उदासी वाढल्याचं दिसलं. इतर कोणी यावर 'मग शिकवूच नका' म्हटलं असतं. त्यांनी शिकवण्याची पद्धत बदलून पाहिली. सीपीआरसोबत कुटुंबाला मनातलं बोलायला आणि आधार द्यायला जागा ठेवली, तेव्हा रुग्ण अधिक सावरलेले आणि कमी चिंताग्रस्त आढळले. हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडच्या शिबिरांनी यातून घेण्यासारखं खूप आहे. पुतळ्यावर दाबून घेतलं आणि प्रमाणपत्र दिलं, एवढ्यावर हृदयरुग्णाच्या घरच्यांचं प्रशिक्षण संपत नाही.

त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सीपीआर नीट करूनही हॉस्पिटलबाहेर हृदय थांबलेले बहुतेक लोक वाचत नाहीत. ज्यांनी प्रयत्न केला त्यांच्या पदरी आयुष्यभराची अपराधी भावना पडू नये, म्हणून हे आधी माहीत असावं. आणि ज्यांचा आजार अखेरच्या टप्प्यात आहे, त्यांच्या घरी सीपीआर करावं की नाही हे पेशंट, घरचे आणि डॉक्टर यांनी शांतपणे बसून आधीच ठरवणं चांगलं.

कोणाला शिकवायचं

हॉस्पिटलबाहेर हृदय थांबण्याच्या घटनांपैकी बहुसंख्य घरात घडतात. तिथे हजर असते ती साठीची बायको, कधी सून, कधी दिवसभर सोबत असणारी मावशी. सीपीआरची शिबिरं मात्र कॉलेजांत, कंपन्यांत आणि पोलिसांसाठी भरतात. तीही भरावीत. डेन्मार्कने २००५ पासून शाळांत आणि पुढे ड्रायव्हिंग लायसन्ससाठी हे शिक्षण सक्तीचं केलं. २००१ ते २०१० या काळात तिथे ॲम्ब्युलन्स येण्याआधी सीपीआर मिळालेल्यांचं प्रमाण सुमारे २१ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर गेलं आणि महिनाभरानंतर जिवंत असलेल्यांचं ३.५ वरून १०.८ टक्क्यांवर. त्या काळात उपचारही सुधारले, सगळं श्रेय सीपीआरचं नाही. पण एक देश ठरवून ही गोष्ट बदलू शकतो, हे त्यातून दिसतं. आपल्याकडे हृदयरुग्णाच्या बायकोपर्यंत पोचणारी वाट हॉस्पिटलच्या वॉर्डातूनच जाते. ती तिथे चार-सहा दिवस बसूनच असते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी हीच वेळ साधून, नातेवाइकांना पेशंटच्या खोलीतच हवा भरायचा पुतळा आणि अर्ध्या तासाच्या आतला व्हिडिओ देऊन शिकवून पाहिलं आहे. आपल्या कुठल्याही तालुक्यातल्या रुग्णालयाला हे परवडेल.

ऐपत असलेली कुटुंबं विचारतात, शॉक देणारं यंत्र घरीच आणून ठेवलं तर? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अटॅक येऊन गेलेले ७,००१ रुग्ण होते. सगळ्यांच्या घरच्यांना सीपीआर शिकवलं आणि निम्म्या घरांत यंत्रही दिलं. दोन्ही गटांतल्या मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. पुष्कळ माणसं कोसळली तेव्हा जवळ कोणी नव्हतं, हे त्यामागचं एक कारण. माझ्या मते यंत्राच्या पैशांआधी दोन गोष्टी कराव्यात: घरातल्या किमान दोघांनी शिकावं, आणि अटॅकनंतरचे पहिले काही आठवडे पेशंटला वेगळ्या खोलीत एकटं झोपवू नये.

शिकलेलं विसरतंही लवकर. तीन ते सहा महिन्यांत हाताचा वेग आणि खोली बिघडते. घरी कडक उशीवर दोन मिनिटं घड्याळ लावून सराव करता येतो. जिवंत, धडधाकट माणसाच्या छातीवर सराव कधीच करू नये.

पुढच्या फॉलो-अपला फाइलबरोबर हा प्रश्न न्या: 'आमच्या घरच्यांना सीपीआर कोण शिकवेल?' हॉस्पिटलमध्ये सोय नसेल तर तिथल्या भूलतज्ज्ञांना विचारा, रेडक्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या जवळच्या शाखेत चौकशी करा. आणि नाव नोंदवताना, घरात पेशंटसोबत दिवसभर जे माणूस असतं त्याचं पहिलं लिहा.